टाकी भरलेली असावी

जन्मभर वीज मंडळात नोकरी केलेल्या माणसाचा विजेवर विश्वास नसतो. "साहेब, लाइट कधी येणार?" या एका प्रश्नाला मी नोकरीभर उत्तरं देत आलो आणि त्यातलं एकही छातीवर हात ठेवून दिलेलं नव्हतं. "अर्ध्या तासात" म्हणायचं. अर्धा तास हे आमच्या खात्यात वेळेचं माप नसतं, तो धीर असतो. अशा माणसाला, गाडी पूर्ण विजेची घ्यावी की अर्धी विजेची नि अर्धी पेट्रोलची, या वादात तज्ज्ञ म्हणून बसवण्यात आलं. तेही एडिसन गावात.

हे एडिसन न्यू जर्सीतलं. २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे होतो. आईवडिलांना तिथं एका खेपेला साधारण सहा महिने राहू देतात आणि आम्ही मंडळी ते पुरेपूर राहतो. पहिल्या महिन्यात मुलं आपल्याला सगळीकडे हिंडवतात, दुसऱ्या महिन्यात मेथी निवडायला देतात आणि तिसऱ्या महिन्यात सल्ला विचारतात. आमचा तिसरा महिना चालू असताना जावयांच्या जुन्या सेडानच्या गिअरबॉक्सने राम म्हटला.

लेकीचं म्हणणं, घ्यायची तर सरळ विजेची. जावयांचं म्हणणं, प्लग-इन हायब्रिड. आपल्याकडच्या रस्त्यांवर दिसतात त्या बहुतेक हायब्रिड गाड्या आपली वीज चालता चालता आपणच तयार करतात, त्यांना भिंतीतल्या सॉकेटशी देणंघेणं नसतं. प्लग-इनची बॅटरी त्यांच्यापेक्षा बरीच मोठी. रात्री घरी प्लग लावून ती भरायची, ती आहे तोवर विजेवर जायचं आणि ती संपली की पेट्रोलचं इंजिन आहेच. आपल्याकडे हा प्रकार अजून श्रीमंतांच्या गाड्यांतच सापडतो, अमेरिकेत मध्यमवर्गीय लोकही घेतात. जावयांनी टोयोटाची रॅव्ह-फोर हेरून ठेवली होती. नुसत्या विजेवर ४२ मैल, म्हणजे साधारण ६८ किलोमीटर, आणि पुढे टाकीत पेट्रोल असेल तोवर.

मला विचाराल तर या वादाचं मूळ गाडीत नव्हतंच, ते नळात होतं. जावई मूळचे सोलापूरचे. जिल्ह्यात उजनीएवढं धरण, आणि शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. अशा घरात वाढलेल्या माणसाला रिकामं भांडं बघवत नाही. त्यांच्या आईकडे टाकी, पिंप, हंडे, कळश्या आणि शेवटी बादल्या अशा क्रमाने पाणी भरलं जाई आणि बादल्या भरल्याशिवाय कुणी शाळेला जात नसे. न्यू जर्सीत चोवीस तास पाणी असूनही जावई रात्री झोपण्याआधी ओट्यावर दोन जग भरून ठेवतात. आमची लेक मात्र पुण्यात खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेली. तोटी फिरवली की पाणी येणार, ही तिची श्रद्धा. तिला साठा म्हणजे अडगळ वाटते. टाकीच नसलेली गाडी घ्या, असं तिने सोलापूरकराला सांगणं म्हणजे काय, हे तिच्या लक्षातच येत नव्हतं.

मी तटस्थ राहायचं ठरवलं होतं. लेकीच्या बाजूने बोललो तर जावयांना वाटणार सासरा पक्षपाती, जावयांच्या बाजूने बोललो तर लेक म्हणणार, "बाबा, तुम्हीसुद्धा?" म्हणून मी कागद-पेन्सिल घेतली. कागदावर आकडेमोड करणाऱ्या म्हाताऱ्याला सहसा कुणी मत विचारत नाही.

जावयांचं ऑफिस प्रिन्स्टनला, रूट वनने जाऊन-येऊन चव्वेचाळीस मैल. गाडीची बॅटरी ४२ मैलांची. म्हणजे रोज संध्याकाळी घर दिसायला लागलं की इंजिन सुरू होणार. लेक एवढी हसली की जावई उठून बागेला पाणी घालायला गेले. पण देवाच्या बाबतीत हिशेब त्यांच्या बाजूने होता. ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर पंधराएक मैलांवर, तिथं जाऊन-येऊन सगळं विजेवर. रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम पंचवीस-तीस मैलांवर, तिथलं दर्शन विजेवर आणि परतीचा प्रवास शेवटी पेट्रोलवर. आमची ही म्हणाली, देवाला जाताना धूर होऊ नये, येताना चालेल.

मग सरकारने वादात उडी घेतली. विजेच्या गाड्यांना न्यू जर्सीत पूर्वी विक्रीकर नव्हता, १ जुलैपासून तो पूर्ण लागू झाला, ६.६२५ टक्के. शिवाय नोंदणी करताना नुसत्या बॅटरीच्या गाडीला वेगळी वार्षिक फी, तीही नव्या गाडीला चार वर्षांची एकदम. कारण असं की, पेट्रोलवरच्या करातून रस्ते दुरुस्त होतात आणि हे लोक पेट्रोल घेत नाहीत. प्लग-इनवाल्याची यातून सुटका, कारण तो पेट्रोल घेईल असं गृहीत धरलेलं. त्यात ४ जुलैला ट्रम्प यांनी मोठ्या विधेयकावर सही केली आणि नव्या विजेच्या गाडीवर मिळणारी साडेसात हजार डॉलरपर्यंतची करसवलत ३० सप्टेंबरला संपणार असं ठरलं. त्यानंतर घरात पंचांग बघितल्यासारखं ३० सप्टेंबरकडे बघणं सुरू झालं. पितृपक्षात गाडी घ्यायची का, हा पोटप्रश्नही निघाला, कारण तो नेमका त्याच महिन्यात आला होता.

वाद चढला की मी फिरायला निघून जाई. मेन्लो पार्क तिथंच आहे. १८७६ साली थॉमस एडिसनने प्रयोगशाळा थाटली ती या जागी, १८७९ सालचा त्याचा दिवा लागला तो इथं, आणि १९५४ साली गावाने रॅरिटन हे आपलं नाव टाकून त्याचं घेतलं. त्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या मनोऱ्यावर भलाथोरला काचेचा दिवा आहे. वीज मंडळातल्या माणसाने तिथं हात जोडले तर त्यात वावगं काही नाही. मी जोडले. बाजूने पळणाऱ्या एका बाईंनी काळजीने माझ्याकडे पाहिलं.

गंमत अशी की लेक-जावयांचा वाद या एडिसनच्या आयुष्यात होऊन गेलेला आहे. १८८० साली त्याने मेन्लो पार्कात विजेवर चालणारी छोटी आगगाडी फिरवून दाखवली होती. पण १८९६ साली हेन्री फोर्ड नावाचा तरुण त्याला भेटला आणि आपल्या पेट्रोल इंजिनाबद्दल सांगू लागला, तेव्हा एडिसनने त्याची पाठ थोपटली: गाडीने आपली शक्ती आपल्याबरोबर घेऊन फिरावं हे उत्तम, विजेच्या गाडीला पॉवर हाउसच्या जवळपासच राहावं लागतं. हे फोर्ड पुढे कौतुकाने सांगत असे. विजेच्या महर्षीने सोलापूरच्या बाजूने कौल दिला होता! आणि पुढे हाच एडिसन खास विजेच्या गाडीसाठी निकेल-लोखंडाची बॅटरी बनवत बसला. पहिल्या बॅटऱ्या गळू लागल्या, सुधारून आणेपर्यंत फोर्डची मॉडेल टी रस्त्यावर आली. १९१२ साली केटरिंग नावाच्या इंजिनियरने कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर बसवला, हँडल मारण्याची कटकट गेली आणि विजेच्या गाडीचा बाजार उठायला लागला. तिचा घात केला तो विजेच्याच मोटरने. फोर्डची बायको क्लारा मात्र त्यानंतरही १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत होती. ज्याने पेट्रोलची गाडी घरोघर पोचवली त्याच्या स्वतःच्या घरात विजेची.

हे सगळं मी रात्री जेवताना सांगितलं. नात म्हणाली, "आजोबा, पॉइंट काय?"

पॉइंट तळघरात सापडला. एके दिवशी जावई म्हणाले, "बाबा, आपला बोर्ड जरा बघता का?" इतक्या दिवसांत कुणी मला माझ्या लायकीचं काम दिलं नव्हतं. चष्मा पुसून खाली उतरलो. अमेरिकेतल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट, आपल्या निम्मे. त्यावर प्लग-इनची १८ युनिटची बॅटरी भरायला बारा तास, म्हणजे रात्रभरात होऊन जातं. पूर्ण विजेच्या गाडीची सत्तर-पंचाहत्तर युनिटची बॅटरी त्याच सॉकेटवर भरायला बसलात तर दोन दिवस जातील. आमच्या पुण्याच्या फ्लॅटमधला गिझरचा पॉइंट यापेक्षा दुप्पट दमाचा, हे मी दोघांनाही पुनःपुन्हा ऐकवलं. पण याच घरांत येणारी लाइन २४० व्होल्टची असते, कपडे वाळवण्याच्या यंत्राला ती दिलेली असते. बाहेर लख्ख ऊन पडलेलं असतं आणि आत यंत्र कपडे वाळवत असतं, कारण दोरीवर कपडे घातले तर आजूबाजूच्या घरांची किंमत उतरते म्हणे. असो. बोर्डात जागा होती, इलेक्ट्रिशियन बोलावून गॅरेजमध्ये २४० ची लाइन ओढता येणार होती. मी तसा लेखी अहवाल दिला. जावयांनी तो वाचून विचारलं, "म्हणजे दोन्ही गाड्या चालतील?" मी म्हटलं, "हो." सरकारी अहवाल असाच असतो.

पुढची लढाई शिळ्या पेट्रोलवरून झाली. लेकीने कुठून तरी शोधून काढलं की शेव्हरलेची व्होल्ट म्हणून प्लग-इन हायब्रिड होती. २०१० च्या अखेरीस आली, २०१९ साली बंद झाली. (व्होल्ट! माझ्या काळी हे नाव असतं तर आख्ख्या सबस्टेशनने रांग लावली असती.) त्या गाडीचे काही मालक इतके नेमाने चार्जिंग करत की पेट्रोल वापरायची वेळच येत नसे. इंजिन फार दिवस बसून राहिलं तर गाडी आपणहून ते थोडा वेळ चालवी आणि टाकीतलं पेट्रोल वर्षभर जुनं झालं की ते जाळून टाकण्याचीही तिच्यात सोय होती.

"म्हणजे पेट्रोल शिळं झालं म्हणून पेट्रोल जाळायचं?" लेक म्हणाली.

"मग?" जावई शांतपणे म्हणाले, "नवं पाणी आलं की जुनं ओततातच की."

यावर पुण्याकडे उत्तर नव्हतं.

पण मला स्वतःला खटकत होतं ते निराळंच. प्लग-इन दिसते आळशी माणसाची सोय. खरी ती शिस्तीच्या माणसाची गाडी आहे. पूर्ण विजेच्या गाडीला रात्री प्लग लावायला विसरलात तर सकाळी फजिती होते, म्हणून माणूस विसरत नाही. प्लग-इनला विसरलात तर काहीही होत नाही, गाडी निमूट पेट्रोलवर जाते, आणि जिथं काहीच होत नाही तिथं माणूस रोज विसरतो. ब्रिटनमध्ये कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेल्या अशा काही गाड्या परत आल्या तेव्हा चार्जिंगची केबल वेष्टनातूनसुद्धा काढलेली नव्हती, अशी बातमी २०१८ साली आली होती. युरोपियन कमिशनने २०२४ साली गाड्यांमधल्याच यंत्रांनी नोंदवलेलं खरं इंधन तपासलं, तर प्लग-इन गाड्यांचा कार्बन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट निघाला. इंजिनियरांनी गाडीत काही खोट ठेवलेली नव्हती. त्यांनी फक्त माणूस रोज रात्री गॅरेजमध्ये जाईल असं धरलं होतं.

हे मी जावयांना हळूच सांगितलं. ते दुखावले. "बाबा, मी लावणार नाही असं वाटतं तुम्हाला?" खरंच, ओट्यावर रोज दोन जग भरणाऱ्या माणसाबद्दल ही शंका अन्यायाची होती. प्लग-इन गाडी जर कुणासाठी बनवली असेल तर ती यांच्यासाठीच. त्यांनी बॅटरीही काठोकाठ भरली असती आणि टाकीही. न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला १९४९ पासून बंदी आहे, पंपावरचा माणूसच भरतो. आता अख्ख्या अमेरिकेत असं हे एकच राज्य उरलंय. जावयांना ते फार आवडतं. काच खाली करून "फुल" म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते मी पाहिलेलं आहे. मीही एकदा सवयीने शून्य बघायला वाकलो होतो.

आता उरला लांबचा प्रवास. आईवडील आले की नायगारा करावाच लागतो, त्याशिवाय व्हिसा सार्थकी लागत नाही. एडिसनहून तो साधारण चारशे मैल. विजेची गाडी एका चार्जिंगमध्ये तीनशेच्या आसपास जाते, थंडीत त्याहून बरीच कमी. "वाटेत अर्धा-अर्धा तास थांबायचं, आईबाबांना घेऊन?" जावई म्हणाले. लेकीने माझ्याकडे पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाली, "बाबांची रेंज किती आहे?" मधुमेहाच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. गाडीच्या तीनशे मैलांसमोर माझे सत्तर मैल बघून जावई गप्प बसले. गाडीपेक्षा सासराच जास्त वेळा थांबणार होता.

तरीही निकाल लागेना. सप्टेंबर अर्धा सरला. शेवटी आमच्या हिने, चहा गाळता गाळता, विचारलं, "अहो, पण यांच्याकडे गाड्या दोन आहेत ना? हिची ती पेट्रोलची चार वर्षांचीच आहे. ती राहू द्या. दुसरी विजेची घ्या. झालं की तुमचं पेट्रोल आणि वीज. दोन्ही एकाच डब्यात कशाला कोंबायचं?"

कागदावर इतकी आकडेमोड करून मला हे सुचलं नव्हतं, क्लारा फोर्डचं उदाहरण डोळ्यांसमोर असून. अमेरिकेत बहुतेक घरांसमोर दोन गाड्या उभ्या असतात आणि त्या दोन्ही एकाच दिवशी दोन टोकांना चारशे मैल जात नाहीत. जावयांनी थोडा वेळ विचार केला, मग अट घातली, की पेट्रोलच्या गाडीची टाकी कधीही निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही. लेकीने ती लगेच मान्य केली. ती अट कोण पाळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ३० सप्टेंबरच्या आत विजेची गाडी तीन वर्षांच्या लीजवर दारात आली. पितृपक्ष तोवर संपलेला होता, नारळ फुटला, हिने चारी चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी मागे आली तेव्हा जराही आवाज नव्हता. लिंबांचा तेवढा झाला.

ऑक्टोबरात, आमच्या परतीच्या आधी, नायगारा झाला. स्टिअरिंगवर लेक होती. बिंगहॅम्टन येईपर्यंत ती चाळीस वेळा तरी बॅटरीच्या टक्क्यांकडे बघत असेल. चढ लागला की एसी बंद, उतार लागला की चेहरा खुले. "बाबा, बासष्ट होते आता एकसष्ट झाले," असं ती मला सांगायची, जणू मी परत बासष्ट करून देणार होतो. आयुष्यभर ज्या सुराला मी "अर्ध्या तासात" असं उत्तर देत आलो त्याच सुरात ती विचारत होती. जावई मागच्या सीटवर नातीच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपले होते. त्यांची काळजी घरी पार्किंगमध्ये उभी होती, पाऊण टाकी भरलेली.

चार्जिंग स्टेशनवर मी पेटीभोवती फिरून बघितलं. तारांमधून येते ती एसी, जलद चार्जरच्या पेटीत तिची डीसी होते आणि ती थेट बॅटरीत जाते. डीसीसाठी एडिसन हट्टाने भांडला आणि एसीवाल्या टेस्ला-वेस्टिंगहाउसपुढे हरला. नायगाऱ्यालाच हरला: १८९५ साली तिथं एसीचं वीजघर सुरू झालं आणि १८९६ च्या नोव्हेंबरात वीज थेट बफेलोला पोचली. धबधब्याच्या न्यूयॉर्ककडच्या बाजूला टेस्लाचा पुतळा आहे, आणि वीजघराची जुनी दगडी कमानही जपून ठेवली आहे. बाकीची मंडळी निळे रेनकोट घालून बोटीत भिजायला गेली. मी कानटोपी घालून त्या कमानीपाशी उभा राहिलो. माझ्या खात्याची पंढरी ती.

संध्याकाळी हॉटेलच्या आवारात एकुलता एक चार्जर होता. लेकीने खोली बुक करताना तो आहे याची दोनदा खात्री करून घेतली होती. त्याला एक गाडी आधीच लावलेली होती. प्लग-इन हायब्रिड. चार्जिंग पूर्ण झाल्याचा दिवाही दिसत होता, मालकाचा पत्ता नव्हता. "टाकीभर पेट्रोल असून यांना हा चार्जर हवाच कशाला!" लेक संतापली आणि काउंटरवर तक्रार करायला गेली.

जावई त्या गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारून आले. मागच्या काचेला कपाळ टेकवून त्यांनी आतही पाहून घेतलं.

"बाबा," ते म्हणाले, "डिकी बरी आहे हो हिची."